छळाचं दप्तर

जुन्या गोव्यात 'से' कॅथेड्रलच्या परिसरात आज मोकळी जागा आहे. तिथे एके काळी आदिलशाहीतला एक वाडा होता. पोर्तुगीजांनी तो ताब्यात घेतला आणि १५६० नंतर त्यात इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं धर्मन्यायालय बसवलं. गोवेकर त्याला 'व्हडलें घर' म्हणत. चार्ल्स डेलॉन नावाच्या पंचविशीतल्या फ्रेंच वैद्याला दमणमध्ये पकडून इथल्या कोठडीत आणून टाकलं होतं. बाप्तिस्मा, मूर्तिपूजा आणि इन्क्विझिशनचा अधिकार यांविषयी तो चारचौघांत बोलला होता, हा त्याचा गुन्हा. १६७५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात रोज सकाळी त्याला छळ सोसणाऱ्या कैद्यांच्या किंकाळ्या ऐकू येत. पुढे जानेवारी १६७६मध्ये पहाटे कॅथेड्रलची मोठी घंटा वाजू लागली, कैद्यांची मिरवणूक निघाली आणि डेलॉनलाही शिक्षा सुनावली गेली. आत जे पाहिलं-ऐकलं ते बाहेर बोलणार नाही, अशी शपथ प्रत्येक कैद्याकडून घेतली जाई. डेलॉननं ती मोडली. १६८७ साली त्यानं सगळी हकिकत पुस्तक म्हणून छापली आणि गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल युरोपात पहिल्यांदा आतल्या माणसाचं बोलणं ऐकू आलं.

त्या किंकाळ्या भिंतीपलीकडून ऐकणारा डेलॉन होता. खोलीच्या आत बसून त्या ऐकणाराही एक जण होता. तो म्हणजे कारकून. पोर्तुगीज इन्क्विझिशनच्या नियमांप्रमाणे छळाच्या वेळी इन्क्विझिटर, बिशपचा प्रतिनिधी, वैद्य आणि नोंद घेणारा लेखनिक हजर असे. कैद्याला दोरानं वर खेचण्याआधी किंवा आडव्या चौकटीवर बांधण्याआधी लेखनिक एक ठरावीक मजकूर वाचून दाखवी : यात तुझा हात-पाय मोडला किंवा तू मेलास, तर दोष तुझा, न्यायाधीशांचा नाही. मग तो लिहू लागे. किती वेळा दोर ओढला, कैदी काय ओरडला, कुणाकुणाचं नाव घेतलं, सगळं. नंतर छळाच्या खोलीबाहेर तीच कबुली पुन्हा वदवून घेऊन तिच्यावर शिक्कामोर्तब करायचं.

धर्मसमाज छळाविरुद्ध काय करू शकतात, या प्रश्नाचा मागोवा मला या कारकुनापासूनच घ्यावासा वाटतो. कारण ज्या धर्मसंस्थेनं छळ लिहून ठेवायची इतकी बारकाईची पद्धत बसवली, त्याच धर्मसंस्थेच्या माणसांनी ३०० वर्षांनी छळाची लेखी नोंद गोळा करून एका लष्करी राजवटीला जगासमोर उघडं पाडलं, तेही पोर्तुगीज भाषेतच. हा प्रवास सरळ रेषेचा नाही. त्यात अभिमानापेक्षा लाज वाटावी अशी वळणं जास्त आहेत.

मुळात ख्रिस्ती धर्मसंस्था छळाच्या बाजूची नव्हती. ८६६ साली बल्गेरियाचा राजा बोरिस नुकताच ख्रिस्ती झाला होता. नव्या धर्मात काय चालतं, काय चालत नाही, हे त्यानं पोप पहिला निकोलस याला पत्रानं विचारलं. शंभरावर प्रश्न होते. विजारी घातलेल्या चालतील का, इथपासून चोर सापडला तर त्याला मारून कबूल करायला लावावं का, इथपर्यंत. विजारींचं पोपनं मनावर घेतलं नाही, पण चोराच्या प्रश्नावर तो स्पष्ट बोलला. असं करणं देवाच्या कायद्यात बसत नाही आणि माणसाच्याही नाही. कबुली आपखुशीनंच यायला हवी. एवढा छळ करून काहीच निघालं नाही तर तुम्हाला शरम वाटणार नाही का? आणि वेदना असह्य होऊन कुणी न केलेला गुन्हा कबूल केला, तर ते पाप कुणाच्या माथी? हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या या उत्तरात आजच्या न्यायशास्त्राला भर घालावी असं फारसं काही नाही.

तरीही चारशे वर्षांत चित्र उलटलं. याला कारण झाली एक सुधारणाच. तोवर युरोपात संशयिताचा निवाडा पुष्कळदा दिव्यानं होई. आपल्याकडे रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायला लावत, तसाच तो प्रकार. १२१५च्या लॅटरन धर्मपरिषदेनं पाद्र्यांना अशा दिव्यात भाग घेण्याची बंदी केली. देव निवाडा देणार नसेल, तर पुरावा माणसाकडूनच मिळवायला हवा. रोमन कायदा पुन्हा अभ्यासला जात होता, त्यात दोन साक्षीदार किंवा कबुली हा पक्का पुरावा. साक्षीदार कुठून आणणार? राहिली कबुली. १२५२ साली चौथ्या इनोसंट पोपनं 'आद एक्स्तिरपांदा' हा फतवा काढला आणि पाखंड्यांकडून कबुली काढण्यासाठी छळाला परवानगी दिली. अट एवढीच की अवयव तुटू नये, जीव जाऊ नये. निकोलसचं पत्र कुणी रद्द केलं नाही. ते दप्तरात पडून राहिलं, इतकंच.

यानंतरच्या काही शतकांत छळाविरुद्ध बोलणारी जी धार्मिक माणसं सापडतात, ती जवळजवळ एकेकटी आहेत. त्यांपैकी फ्रीडरिख श्पे या जेझुइट संघातल्या पाद्र्यापाशी थांबायलाच हवं. जर्मनीत चेटकिणींच्या नावाखाली बायकांना जाळण्याचं सत्र चालू असताना त्यांची शेवटची कबुली ऐकायचं काम त्याच्याकडे येई. ही कबुली धर्मातली, देवासमोरची; न्यायालयातली नव्हे. कोर्टाच्या कागदावर 'मी चेटूक केलं' असं लिहिलेलं असे आणि त्याच बाईच्या तोंडून श्पेला कळे की तिनं काहीच केलेलं नाही, पण पुन्हा दोराला टांगतील या भीतीनं ती जबाब मागे घेऊ शकत नाही. म्हणजे एकाच माणसाच्या दोन कबुल्या एका धर्मगुरूच्या हाती येत होत्या, आणि त्यांतली खरी कोणती हे त्याला माहीत होतं. १६३१ साली रिंटेल्न या प्रोटेस्टंट गावातून 'काउतिओ क्रिमिनालिस' हे लॅटिन पुस्तक लेखकाच्या नावाशिवाय बाहेर पडलं. प्रश्नोत्तरांच्या रूपात श्पेनं दाखवलं की प्रत्येक छळातून नवी नावं निघतात, त्या नावांतून नवे छळ, आणि चेटकिणींची संख्या अशी वाढत जाते. हीच साधनं न्यायाधीशांवर आणि धर्माधिकाऱ्यांवर वापरली तर तेही चेटके ठरतील, असं त्यानं लिहिलं. त्याच्या संघातले वरिष्ठ चिडले. १६३५ साली त्रिअरमध्ये आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीत तो वारला. पुढे माइन्झच्या आर्चबिशपनं या पुस्तकाच्या प्रभावाखाली असे खटले थांबवल्याचं तत्त्वज्ञ लायब्निझनं नोंदवून ठेवलं आहे.

श्पेकडे जे होतं ते आजही धर्मसमाजांकडेच असतं : छळ सोसलेला माणूस वकिलाकडे किंवा पत्रकाराकडे जाण्याआधी ज्याच्यापाशी रडतो, ती जागा. तिथे ऐकलेल्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. श्पेनं कुणाचं गुपित न फोडता, नावं न घेता, त्यातून युक्तिवाद उभा केला.

गोव्यात असा कुणी श्पे निघाला नाही. १५६१ ते १७७४ या काळात तिथे सोळा हजारांहून अधिक खटले चालले. पोर्तुगालबाहेर, पोर्तुगीजांच्या अख्ख्या साम्राज्यात इन्क्विझिशनचं न्यायालय फक्त गोव्यात होतं. ब्राझीलचे आरोपी लिस्बनला नेत. मुंबई बेट ज्याच्याकडे खंडानं होतं, तो वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ऑर्ता १५६८मध्ये वारला. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता, असं नातेवाइकांच्या जबाबांतून निघालं. त्याच्या बहिणीला जाळलं आणि १५८० साली त्याची हाडं उकरून तीही जाळली. नवख्रिस्ती ज्यू, बाटलेले पण घरात तुळस ठेवणारे हिंदू, डेलॉनसारखे परके, सगळे या चरकातून गेले.

१८१२ साली हे न्यायालय कायमचं बंद झालं. तोवर तिथे अडीचशे वर्षांचं दप्तर साठलं होतं. त्याचं काय करायचं याची सरकारदरबारी चर्चा झाली आणि बहुतेक सगळं नष्ट करण्यात आलं. पुढे ती इमारतही पाडली. नेपोलियनच्या भीतीनं पोर्तुगालचा दरबार तेव्हा ब्राझीलमध्ये होता, त्यामुळे उरलेल्या कागदांपैकी काही आज रिओ दी जानेरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडतात. गोव्यातच प्रियोळला जन्मलेले अनंत काकबा प्रियोळकर यांनी मुंबईच्या मराठी संशोधन मंडळात बसून या विषयाची जमवाजमव केली. १९६१ साली, गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, त्यांचं 'द गोवा इन्क्विझिशन' हे इंग्रजी पुस्तक आलं. मूळ खटले जळून गेलेले, म्हणून त्यांना डेलॉनवर आणि १८०८ साली गोव्यात येऊन गेलेल्या क्लॉडियस ब्युकॅनन या स्कॉटिश पाद्र्यावर पुष्कळ विसंबावं लागलं. ज्यांचा छळ झाला त्या हजारोंपैकी बहुतेकांच्या तोंडचा एक शब्दही आपल्याला आज मिळत नाही. दप्तर जळलं की माणसं दुसऱ्यांदा मरतात, हे गोव्याकडे पाहिलं की पटतं.

मधला काळ झपाट्यानं ओलांडतो. इटालियन विचारवंत बेक्कारियानं १७६४ साली छळाविरुद्ध लिहिलं, एकेका राजानं तो कायद्यातून काढला, १८१६मध्ये पोपनंही आपल्या न्यायालयांत त्याला बंदी केली. कायद्यातून गेला तरी छळ पोलीसचौकीत आणि लष्करी छावणीत राहिला. १९५७च्या सुमारास अल्जीरियातल्या लढाईत फ्रेंच सैन्य तो सर्रास वापरत होतं, तेव्हा अल्जिअर्सचा आर्चबिशप द्युव्हाल आणि फ्रान्समधली काही कॅथलिक नियतकालिकं त्याविरुद्ध उभी राहिली. तिथल्याच फ्रेंच वसाहतवाल्यांनी आर्चबिशपचा राग राग केला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं छळाचा जाहीर निषेध नोंदवला. त्यानंतर जे घडलं ते एकेकट्या माणसांचं राहिलं नाही, आणि म्हणून ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

तुल्लियो विनाय हे इटलीतल्या वाल्डेन्सियन पंथाचे पाद्री. मध्ययुगात रोमनं पाखंडी ठरवून ज्यांची पिढ्यान् पिढ्या शिकार केली, तो हा छोटा पंथ. दुसऱ्या महायुद्धात विनाय यांनी फ्लॉरेन्समध्ये ज्यूंना लपवून वाचवलं होतं. सत्तरच्या दशकात ते दक्षिण व्हिएतनामला जाऊन आले आणि तिथल्या तुरुंगांत काय चाललंय ते युरोपभर सांगू लागले. फ्रान्समधल्या एका सभेत त्यांना ऐकून एलेन आँजेल आणि एदित द्यु तेर्त्र या दोन प्रोटेस्टंट स्त्रियांनी १९७४ साली 'अकात' ही संघटना काढली : छळ नष्ट व्हावा म्हणून झटणाऱ्या ख्रिस्ती लोकांची संघटना. कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, तिघे एकत्र. काम साधं होतं. कुठल्या देशात कोण कोठडीत आहे त्याचं नाव कळवायचं, त्या देशाच्या सरकारला पत्रं लिहायची, आणि त्याच माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. १९८७मध्ये अशा संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. दर वर्षी २६ जूनच्या सुमारास त्यांचे लोक रात्र जागवतात. छळाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९८७ साली याच तारखेला अमलात आला.

आता ब्राझील. तिथे १९६४ साली लष्करानं सत्ता घेतली आणि १९६८च्या अखेरीपासून कोठडीतला छळ हा नेहमीचा कारभार झाला. फ्रान्सिस्कन संघातले पावलो एव्हारिस्तो आर्न्स १९७० साली साओ पावलोचे आर्चबिशप झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या धर्मप्रांतातल्या एका पाद्र्याला आणि एका समाजसेविकेला पकडून मारहाण झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसलेला. आर्न्स यांनी या छळाचा निषेध करणारी सूचना लिहिली आणि ती प्रांतातल्या चर्चच्या दारांवर लावायला लावली. रविवारी मिस्साला येणाऱ्यांनी ती वाचली. सेन्सॉरला चर्चची दारं बंद करता येत नव्हती. धर्मसमाजापाशी असलेलं हे साधन किती साधं आणि किती मोठं आहे, हे त्या कागदाच्या तुकड्यांनी दाखवून दिलं.

२५ ऑक्टोबर १९७५च्या सकाळी व्लादिमिर हर्झोग हा टीव्ही कुल्तुराचा वृत्तसंचालक बोलावणं आलं म्हणून आपल्या पायांनी लष्करी गुप्तचर केंद्रात गेला. संध्याकाळपर्यंत त्याचा मृत्यू झाला होता. लष्करानं सांगितलं, त्यानं गळफास लावून घेतला. पुरावा म्हणून फोटो दिला, त्यात त्याचे गुडघे दुमडलेले आणि पाय जमिनीला टेकलेले दिसतात. हर्झोग ज्यू होता, लहानपणी नाझींपासून पळालेल्या आईबापांबरोबर युगोस्लाव्हियातून आलेला. ज्यू रिवाजाप्रमाणे आत्महत्या करणाऱ्याला दफनभूमीच्या वेगळ्या बाजूला पुरतात. दफनापूर्वी अंघोळ घालणाऱ्यांनी प्रेत पाहिलं होतं. ३१ वर्षांचे रॅबाय हेन्री सोबेल यांनी ठरवलं : याला इतरांबरोबरच पुरायचं. भाषण नाही, पत्रक नाही. खड्डा कुठे खणायचा एवढ्या एका निर्णयानं सरकारचं खोटं उघड झालं. सोबेल यांचा जन्म लिस्बनचा. ज्या शहरातून ज्यूंना जाळण्याचे हुकूम सुटत, त्या लिस्बनचा.

३१ ऑक्टोबरला साओ पावलोच्या 'से' कॅथेड्रलमध्ये कार्डिनल आर्न्स, रॅबाय सोबेल आणि प्रेस्बिटेरियन पाद्री जेमी राइट यांनी मिळून हर्झोगसाठी प्रार्थनासभा घेतली. पोलिसांनी शहरभर नाकेबंदी केली. तरी सुमारे आठ हजार लोक आले, शांतपणे उभे राहिले आणि शांतपणे घरी गेले. लष्करी राजवटीला घसरण इथून लागली, असं ब्राझीलमधले अनेक जण मानतात. हर्झोगच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण बदलायला मात्र २०१३ साल उजाडावं लागलं.

राइट यांच्या घरातच जखम होती. त्यांचा भाऊ पावलो १९७३ साली पकडला गेला आणि पुन्हा दिसला नाही. १९७९मध्ये माफीचा कायदा आला. कैदी सुटू लागले, पण त्याच कायद्यानं छळ करणारेही सुटले. आता जुने कागद जाळले जातील, अशी भीती वाटू लागली. त्याच वेळी काही वकिलांच्या लक्षात एक गोष्ट आली : अशिलांच्या माफीच्या अर्जासाठी ब्राझीलियातल्या वरिष्ठ लष्करी न्यायालयातून खटल्याची फाइल २४ तासांसाठी बाहेर नेता येते. या फायलींत काय होतं? लष्करी न्यायाधीशांसमोर उभ्या राहिलेल्या आरोपींनी सांगितलं होतं की माझ्याकडून जबाब मारून घेतला. विजेचे झटके दिले, काठीला उलटं टांगलं, अमक्या इमारतीत, अमक्या अधिकाऱ्यानं. न्यायाधीशांनी त्याची दखल घेतली नव्हती. पण लेखनिकानं ते टिपून ठेवलं होतं, कारण टिपणं हे त्याचं काम.

इथे गोव्याच्या त्या कारकुनाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपण न्याय करतो आहोत असं दाखवायचं तर राजवटीला लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कधी तरी दुसऱ्या कुणाच्या हाती लागतं.

आर्न्स आणि राइट यांनी जिनीव्हाच्या वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसकडे पैसे मागितले. ही मुख्यतः प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची संघटना. एका कॅथलिक कार्डिनलच्या गुप्त कामाला तिनं पैसे दिले, आणि तेही गाजावाजा न करता. भाड्याच्या जागेत भाड्याची फोटोकॉपी यंत्रं आली. वकील फाइल आणत, ती यंत्रावर चढे, दुसऱ्या दिवशी वेळेत परत जाई. न्यायालयातल्या कुणाला संशय येऊ द्यायचा नव्हता. असं वर्षानुवर्षं चाललं. प्रती साओ पावलोला जात, तिथे त्यांची मायक्रोफिल्म होई आणि फिल्म देशाबाहेर सुरक्षित जागी. १९६४ ते १९७९ या काळातले ७०७ खटले, दहा लाखांच्या आसपास पानं. शेवटी त्यातून सहा हजार नऊशेच्या जवळपास पानांचा बारा खंडी अहवाल झाला आणि त्याचा सारांश म्हणून एक पुस्तक. १९८५च्या जुलैमध्ये, लष्कर सत्तेवरून जाऊन चार महिने झाल्यावर, व्होझेस या फ्रान्सिस्कन प्रकाशनानं ते 'ब्राझील : नुंका माइस' या नावानं गुपचूप दुकानात ठेवलं. मुखपृष्ठावर लेखकांची नावं नाहीत. पाहता पाहता ते देशात सर्वाधिक खपाचं पुस्तक झालं. नोव्हेंबरात छळ करणाऱ्या ४४४ जणांची यादीही जाहीर केली गेली.

हे पुस्तक खोटं आहे, असं लष्कराला म्हणता आलं नाही. कागद त्यांचाच होता, शिक्काही त्यांचाच. १९८५च्या सप्टेंबरात ब्राझीलनं छळविरोधी करारावर सही केली, १९८९मध्ये ती पक्की केली. २०११ साली जिनीव्हात जपलेल्या प्रती ब्राझीलला परत आल्या आणि दोन वर्षांनी सगळं दप्तर लोकांसाठी इंटरनेटवर खुलं झालं. माफीचा कायदा मात्र तसाच आहे. २०१०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. कागद वाचले, न्याय राहिला, हेही या कहाणीचं खरं आहे.

चिलेच्या लष्करी राजवटीत कार्डिनल राउल सिल्व्हा एन्रिकेस यांनी १९७६मध्ये सुरू केलेल्या 'व्हिकारिया दे ला सोलिदारिदाद'नं याच धर्तीवर हजारो कुटुंबांच्या तक्रारी नोंदवल्या. पुढे सत्यशोधन आयोगांना त्या आयत्या मिळाल्या. तिथल्याच आणखी एका गटाची पद्धत वेगळी होती. सप्टेंबर १९८३मध्ये सान्तियागोतल्या बोर्गोन्यो रस्त्यावर १४७० क्रमांकाच्या इमारतीसमोर सत्तर-एक माणसं अचानक जमली. त्यात पाद्री होते, नन होत्या, साधी माणसं होती. तो गुप्त पोलिसांचा अड्डा. त्यांनी फलक उलगडला : इथे छळ होतो. रस्ता अडवला, गाणं म्हटलं आणि मार बसेपर्यंत हलले नाहीत. दोन महिन्यांनी सेबास्तियान आसेव्हेदो या कामगारानं, आपली मुलं गुप्त पोलिसांनी उचलली म्हणून, कॉन्सेप्सिओनच्या कॅथेड्रलसमोर स्वतःला पेटवून घेतलं. गटानं त्याचंच नाव घेतलं आणि अशी निदर्शनं सात वर्षं चालू ठेवली.

शेजारच्या अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटीत मात्र पुष्कळशी धर्मसंस्था गप्प बसली. ब्वेनोस आयरेस प्रांताच्या पोलिसांचा धर्मगुरू क्रिस्तियान फॉन व्हेर्निख याला तर खुनात आणि छळात सामील असल्याबद्दल २००७ साली जन्मठेप झाली. कैद्यांचा विश्वास मिळवून तो त्यांच्याकडून माहिती काढत असे. श्पे बसला त्याच जागेवर बसून त्यानं हे केलं. धर्म माणसाला आपोआप छळाविरुद्ध उभं करत नाही, हे इथे मान्य करायलाच हवं. अमेरिकेत, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाचे फोटो बाहेर आल्यावर, प्रिन्स्टनचे धर्मशास्त्रज्ञ जॉर्ज हनसिंगर यांच्या पुढाकारानं २००६ साली ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम संस्थांची एक राष्ट्रीय मोहीम उभी राहिली, प्रार्थनास्थळांवर छळविरोधी फलक लागले. तरी २००९च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत दर आठवड्याला चर्चला जाणाऱ्यांपैकी ५४ टक्के लोकांनी, संशयित दहशतवाद्यांचा छळ अधूनमधून किंवा बऱ्याचदा समर्थनीय ठरतो, असं सांगितलं. क्वचित किंवा कधीच न जाणाऱ्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. म्हणजे जागृतीचं पहिलं काम आपल्याच माणसांत आहे. आर्न्स यांनी सूचना राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यावर लावली नव्हती, आपल्या चर्चच्या दारावर लावली होती.

आणि ते आपल्याकडेही तितकंच आहे. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीनं गुन्हा कबूल केला' हे वाक्य मराठी वर्तमानपत्रात आपण वर्षानुवर्षं वाचतो आणि पान उलटतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून न धरण्याचा नियम आपल्या कायद्यात निदान १८७२पासून आहे; मद्रास इलाख्यातल्या महसुली आणि पोलिसी छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल तर १८५५चा. तरीही कोठडीत कुणी मेलं की पहिला प्रश्न असतो, तो होता कोण? पारधी असेल, चोरीचा संशय असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, तर गावात शोकसभा होत नाही. सोबेल, आर्न्स आणि राइट एका प्रेतासाठी एकत्र उभे राहिले, तसं आपल्याकडे देवस्थानाचे विश्वस्त, मौलवी, भन्ते आणि फादर कोठडीत मेलेल्या एखाद्या पारध्यासाठी एकत्र उभे राहिल्याचं मी पाहिलेलं नाही. ते व्हायला हवं. त्याला कुठल्याही धर्मग्रंथाची परवानगी काढावी लागत नाही.

भारतानं छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. करार अजून पक्का केलेला नाही. २०१०मध्ये लोकसभेनं छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलेलं ते विधेयक पुढे बारगळलं. २०१७ साली विधी आयोगानं २७३वा अहवाल आणि त्यासोबत विधेयकाचा मसुदा दिला, तो तसाच आहे. येत्या २६ जूनला आपल्या मंदिराच्या, मशिदीच्या, विहाराच्या किंवा चर्चच्या फलकावर 'भारतानं छळविरोधी करार अजून पक्का केलेला नाही' एवढंच लिहा आणि आपल्या खासदाराला पत्र पाठवा. पत्रावर विश्वस्तांच्या सह्या घ्या. त्याची एक प्रत जपून ठेवा.